धागा: स्तनाच्या मायक्रोवेव्ह इमेजिंगसाठी व्हिवाल्डी अँटेना – हवेत छान, फँटमजवळ नुसतं कडं

गोदाकाठ_आरएफ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. नाशिकमध्ये शेवटच्या वर्षाचा प्रकल्प चालू आहे, विषय वर दिलाच आहे. उत्तर देणाऱ्यांना परत परत विचारावं लागू नये म्हणून तपशील एकदम देते.

अँटेना: अँटिपोडल व्हिवाल्डी (बोर्डाच्या दोन बाजूंना तांब्याचं एकेक पान, दोन पानांमधली फट तोंडाकडे रुंदावत जाते), एफआर-४ (काचतंतू-इपॉक्सीचा नेहमीचा सर्किट बोर्ड), जाडी १.६ मिमी, तोंडाची रुंदी ७५ मिमी, लांबी ९० मिमी, फीडची पट्टी ३ मिमी. सिम्युलेशनमध्ये आणि मोजणीतही २.१ ते ९ गिगाहर्ट्झ एस११ (अँटेनाकडून परत येणारा सिग्नल) उणे १० डीबीच्या खाली.

फँटम (नकली स्तन): १०० मिमी व्यासाचा अ‍ॅक्रिलिकचा पेला, आत सूर्यफूल तेल, मधोमध दोऱ्याला टांगलेली २० मिमीची अगारची गोळी (गाठ म्हणून). पेल्याबाहेर त्वचेसाठी २ मिमीचा अगार-ग्लिसरीनचा थर. अँटेना त्वचेपासून १५ मिमीवर, मध्ये हवा. पेला ५ अंशांनी फिरवून ७२ जागी २ ते ८ गिगाहर्ट्झ एस११ घेतलं. प्रतिमा डिले-अँड-समने (प्रत्येक जागेचा प्रतिध्वनी विलंबाप्रमाणे सरकवून बेरीज).

अडचण: प्रतिमेत त्वचेचं चकचकीत कडं तेवढं दिसतं. ७२ मोजण्यांची सरासरी वजा केली की कडं जातं, पण मग काहीच उरत नाही. अँटेना बदलायचा का? गेन (एका दिशेला शक्ती एकवटणं) वाढवायचा का?

सातपूरचा_सिग्नल

ताई, गेनला सध्या हात लावू नका. आधी गोळी मधोमधून काढा आणि केंद्रापासून २५ मिमीवर टांगा. केंद्रातली गोळी ७२ही जागांवरून सारख्याच अंतरावर असते, म्हणजे प्रत्येक मोजणीत तिचा प्रतिसाद त्याच वेळेला येतो. सरासरी वजा करताना अल्गोरिदमला त्वचा आणि गोळी यांत फरक करताच येत नाही, दोन्ही पुसल्या जातात. पेला फिरवून दोन मोजण्या वजा करण्याच्या पद्धतीतही हेच होतं. फिरण्याच्या अक्षावरची वस्तू त्यात दिसत नाही.

आता अँटेनाकडे. एस११ उणे १० डीबीखाली याचा अर्थ एवढाच की शक्ती फारशी परत आली नाही. ती बाहेर पडली की एफआर-४ मध्ये उष्णता होऊन जिरली, हे एस११ सांगत नाही. आणि बाहेर पडली तरी हवा आणि त्वचेच्या सीमेवर काय होतं ते पाहा. ३ गिगाहर्ट्झच्या आसपास त्वचेची सापेक्ष परमिटिव्हिटी (लहर पदार्थात किती मंदावते ते ठरवणारा आकडा) साधारण ३७ असते. हवेतून येणाऱ्या लहरीसाठी परावर्तन गुणांक (१ − ६.१) भागिले (१ + ६.१), म्हणजे उणे ०.७२. शक्तीत सांगायचं तर निम्म्याहून जास्त त्वचेवरूनच माघारी फिरते. त्वचेची वाहकता धरली तर आणखी.

मध्ये तेल (साधारण २.५) असेल तर हेच परावर्तन ३४ टक्क्यांवर येतं. परमिटिव्हिटी २० च्या आसपास असलेलं ग्लिसरीन-पाणी असेल तर दोन-अडीच टक्के. तुमचं कडं इतकं चकचकीत का, त्याचं कारण इथे आहे. हवेत बसवलेला अँटेना चांगला की वाईट हे हवेतल्या आलेखावरून ठरवायचंच नाही. सिम्युलेशनमध्ये माध्यम, त्वचा आणि चरबी समोर ठेवून पुन्हा चालवा.

पंचवटी_लॅब

वरच्याला पूर्ण सहमत, एक भर. या कामात अँटेनाची खरी परीक्षा वेळेच्या अक्षावर होते. त्वचेपासून ३० मिमी आत, परमिटिव्हिटी ५ च्या चरबीत गाठ असेल तर तिचा प्रतिध्वनी त्वचेच्या प्रतिध्वनीनंतर फक्त ०.४५ नॅनोसेकंदाने येतो. तेवढ्या वेळात अँटेनाचं स्वतःचं घुमणं शांत झालेलं नसेल तर गाठ त्या घुमण्याखाली गाडली जाते. नंतर कुठलंही सॉफ्टवेअर ती वर काढून देत नाही.

तपासणी अशी: दोन सारखे अँटेना तेलात समोरासमोर ५० मिमीवर ठेवा. २ ते ८ गिगाहर्ट्झ एस२१ (एका अँटेनाकडून दुसऱ्याकडे पोचलेला सिग्नल) घ्या, विंडो लावून उलटा फूरिये करा, म्हणजे वारंवारतेवरून वेळेच्या अक्षावर या. मिळालेला स्पंद आणि तुम्ही धरलेला मूळ स्पंद यांचं सामान्यीकृत क्रॉस-कोरिलेशन काढा. त्याची कमाल किंमत म्हणजे फिडेलिटी. ०.९ च्या वर हवी. हाच प्रयोग मधल्या रेषेपासून १५, ३०, ४५ अंश बाजूला सरकवून करा. पुष्कळ व्हिवाल्डी सरळ समोर ०.९५ देतात आणि ३० अंशांवर ढासळतात. गोलाकार मांडणीत गाठ बहुतेक जागांवरून तिरकीच दिसते, तेव्हा तिरक्या कोनाचा आकडाच महत्त्वाचा.

गोदाकाठ_आरएफ

धन्यवाद. गोळी बाजूला सरकवून बघते. पण अँटेना तेलात बुडवला तर सगळी मापं बदलतील ना? आणि एफआर-४ ठेवू की रॉजर्सचं लॅमिनेट घेऊ?

सातपूरचा_सिग्नल

बदलतील, आणि तुमच्या फायद्याची बदलतील. तोंडाची रुंदी सर्वांत खालच्या वारंवारतेच्या निम्म्या तरंगलांबीएवढी लागते. २ गिगाहर्ट्झला हवेत ती ७५ मिमी, तेलात सुमारे ४७. म्हणजे आहे तोच अँटेना तेलात २ च्याही बराच खाली उतरेल, किंवा तुम्ही तो लहान करून पेल्याभोवतीच्या कड्यात जास्त अँटेना बसवू शकाल.

एफआर-४ चं म्हणाल तर ५० मिमी लांबीच्या फीडमध्ये ६ गिगाहर्ट्झला डायइलेक्ट्रिकमुळे सुमारे ०.९ डीबी जातात. आरओ-४००३सी (रॉजर्सचं लॅमिनेट) वर हेच ०.१ च्या आसपास. पहिल्या नमुन्यासाठी ०.९ डीबीने काही अडत नाही. खरी अडचण निराळी आहे: एफआर-४ ची परमिटिव्हिटी एका शीटपासून दुसऱ्या शीटपर्यंत ४.२ ते ४.७ अशी हलते. एक अँटेना आणि फिरता पेला असेल तर चालतं. १६ अँटेनांचं कडं केलंत तर प्रत्येकाचा विलंब वेगळा येईल आणि सरासरी वजा करूनही त्वचा उरेल. तेव्हा एकटा नमुना एफआर-४ वर, कडं करायचं असेल तर सगळे तुकडे एकाच शीटमधून कापलेले आरओ-४००३सी वर. ०.८१३ मिमी जाडीवर ५० ओहमची पट्टी साधारण १.८ मिमी येते, ३ मिमी तशीच ठेवू नका.

अंबड_पीसीबी

बनवण्याबद्दल थोडं, कारण अर्धे अँटेना इथे बिघडतात.

१) अँटिपोडलमध्ये एक पान वर, दुसरं खाली. घशापाशी, म्हणजे दोन्ही पानं जिथे सुटतात तिथे, वरचा-खालचा मेळ ०.३ मिमीने चुकला तरी वरच्या वारंवारतेला एस११ उचलतं. टोनर ट्रान्सफर करत असाल तर आधी चार कोपऱ्यांत १ मिमीची भोकं पाडा आणि दोन्ही कागद त्या भोकांवर जुळवा. नजरेने जुळवू नका.

२) फेरिक क्लोराइड तांब्याला बाजूनेही खातं, दर कडेला साधारण तांब्याच्या जाडीएवढं, ३५ मायक्रॉन. ३ मिमीच्या पट्टीला फरक नाही, पण कडेला नागमोडी खाचा ०.५ मिमीच्या असतील तर आराखड्यात तेवढं वाढवून द्या.

३) एसएमए कनेक्टर बोर्डाच्या कडेला पूर्ण टेकला पाहिजे. मधल्या पिनवर कथिलाचा गोळा झाला की तिथे कपॅसिटन्स वाढतो, ६ गिगाहर्ट्झच्या वर लगेच दिसतो. कमी कथिल, टोकदार बिट, चारही पाय ग्राउंडला जोडायचे, दोन नव्हे.

४) खालचा ग्राउंड रुंद पट्टीवरून निमुळता होत समांतर पट्ट्यांपर्यंत येतो, तोच तुमचा बॅलन (केबलची असंतुलित फीड दोन पानांसाठी संतुलित करणारा भाग). तो घाईघाईने २० मिमीत संपवला की खालच्या वारंवारतेला करंट केबलच्या बाहेरच्या जाळीवर चढतो. तपासणी सोपी: एस११ पाहत केबल मुठीत धरा. आलेख हलला तर तुमचा अँटेना फक्त बोर्ड नाही, केबलही त्यात सामील आहे. साधे फेराइट मणी १ गिगाहर्ट्झच्या वर फार कामाचे नाहीत. निमुळता भाग लांबवा, किंवा केबलभोवती शोषक पदार्थाची नळी घाला.

५) तेलात बुडवायच्या एफआर-४ च्या कापलेल्या कडा घासून इपॉक्सीने बंद करा. उघड्या कडेतून द्रव आत झिरपतो आणि मापं हळूहळू सरकतात.

जागेचं: पेला, कडं, अँटेनाच्या खाचा यासाठी सातपूर-अंबडच्या लेसर कटिंगवाल्यांकडे अ‍ॅक्रिलिक मापात कापून मिळतं. चित्र डीएक्सएफमध्ये न्या आणि लेसरची कापजाडी किती धरायची ते विचारून घ्या. एसएमए कनेक्टर थोडेच लागत असतील तर ऑनलाइन, जास्त असतील तर मुंबईला लॅमिंग्टन रोड.

मोनोपोल_समर्थक

सगळे व्हिवाल्डीच धरून बसलेत म्हणून दुसरी बाजू मांडतो. अमेरिकेत डार्टमथच्या गटाने बरीच वर्षं साधे मोनोपोल (एका सरळ तारेचे अँटेना) वापरून रुग्णांवर टोमोग्राफी (आरपार मोजण्यांवरून आतल्या ऊतींचा नकाशा काढणं) केली, ग्लिसरीन-पाण्याच्या टाकीत. अर्ध-कडक कोअ‍ॅक्स घ्यायची, टोकाची बाहेरची तांब्याची नळी काढायची, झाला अँटेना. हवेत हा अगदी अरुंद पट्ट्यात चालतो. पण क्षय करणाऱ्या (लहरीची शक्ती शोषणाऱ्या) द्रवात त्याचं अनुनादाचं शिखर बोथट होतं, पट्टा रुंदावतो आणि शेजारच्या अँटेनाशी होणारी कुजबुज द्रवच गिळून टाकतो. शिवाय मॉडेल सोपं, एका रेषेचा स्रोत धरला तरी गणित जुळतं. टोमोग्राफीत हे फार मोलाचं आहे, कारण तिथे मोजणी आणि मॉडेल यांतल्या फरकावरच सगळं चालतं.

पंचवटी_लॅब

मुद्दा रास्त आहे, पण ती टाकी १ गिगाहर्ट्झच्या आसपास चालते. ६ गिगाहर्ट्झला ग्लिसरीन-पाण्याचा क्षय इतका वाढतो की काही सेंटिमीटरांत सिग्नल व्हीएनएच्या (एस११, एस२१ मोजणाऱ्या यंत्राच्या) गोंगाटात बुडतो. ताईंची पद्धत रडारची आहे, तिला रुंद पट्टा लागतो: परमिटिव्हिटी ९ धरली तर ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात खोलीचं पृथक्करण सुमारे ८ मिमी. पट्टा १ गिगाहर्ट्झचा केला तर तेच ५० मिमी. मोनोपोल घ्यायचा तर प्रतिमा काढण्याची पद्धतही बदलावी लागेल आणि उलट-प्रकीर्णनाचं (इनव्हर्स स्कॅटरिंगचं) गणित एका सत्रात उरकत नाही.

मात्र वरची हद्द ८ का, हा प्रश्न ताईंनी स्वतःला विचारावा. स्नायूसारख्या पाणीदार ऊतींत २ गिगाहर्ट्झला दर सेंटिमीटरला ३ डीबीच्या आसपास जातात, ६ गिगाहर्ट्झला १२ च्या आसपास. अशा ऊतींतून ३ सेंटिमीटर आत जाऊन परत यायचं म्हणजे ७० डीबीच्या वर. तेलाच्या फँटममध्ये हे जाणवत नाही, म्हणून ८ गिगाहर्ट्झही कामाचे वाटतात. दाट स्तनात उपयोग १ ते ४-५ चाच. अँटेना खाली कसा उतरेल यावर मेहनत घ्या: पानांच्या बाहेरच्या कडेला खाचा, जास्त परमिटिव्हिटीचं माध्यम, किंवा तोंडापुढे डायइलेक्ट्रिकचा तुकडा. ब्रिस्टल विद्यापीठाच्या गटाने अर्धगोलात ६० अँटेना बसवले, ते छोटे स्लॉट अँटेना होते. व्हिवाल्डी लांबीला पसरतो, अर्धगोलात दाटीने बसत नाही.

गोदाकाठ_आरएफ

गोळी २५ मिमी बाजूला टांगली, सरासरी वजा केली. ठिपका दिसतो! पण असायला हवा त्यापेक्षा ८-९ मिमी आत आणि पसरट. शिवाय अगारची त्वचा दुसऱ्या दिवशी आकसून सुटली.

सातपूरचा_सिग्नल

जागा सरकली म्हणजे शून्यवेळ किंवा वेग चुकीचा. व्हीएनएचं कॅलिब्रेशन कनेक्टरपर्यंत होतं, त्यापुढे अँटेनाच्या आतला विलंब राहतोच. धातूचा सपाट पत्रा त्याच माध्यमात अँटेनासमोर ५०, ६०, ७०, ८० मिमीवर ठेवा, प्रत्येक वेळी परावर्तनाच्या शिखराची वेळ टिपा. अंतर-वेळ रेषा काढा. उतारावरून माध्यमातला वेग मिळतो (तेलात १० मिमीला साधारण १०५ पिकोसेकंद यायला हवेत), आणि रेषा शून्य अंतरावर जिथे छेदते तो अँटेनाचा आतला विलंब. तो सगळ्या डेटातून वजा करा. व्हिवाल्डीचं फेज सेंटर (लहर जिथून निघाल्यासारखी वाटते तो बिंदू) वारंवारतेबरोबर पुढे-मागे सरकतं, त्यामुळे थोडा पसरटपणा राहील. पण ८ मिमीची चूक जाईल.

नंतर प्रतिमा काढताना परमिटिव्हिटी २ पासून ४ पर्यंत ०.१ च्या पायरीने बदलून पाहा. ठिपका जिथे सर्वांत टोकदार होतो ती किंमत वरच्या उताराशी जुळली पाहिजे. नाही जुळली तर कोनाची किंवा त्रिज्येची नोंद चुकली आहे.

कोनावरून आठवलं, स्टेपर मोटर १.८ अंशांची आणि ड्रायव्हर १६ सूक्ष्म पावलांचा असेल तर पूर्ण फेरा ३२०० पावलांचा. ५ अंशांना ४४.४४ पावलं येतात, ती प्रोग्राम ४४ करतो आणि ७२ जागांनंतर ३२ पावलं, म्हणजे ३.६ अंश कमी पडतात. ४.५ अंश घ्या: बरोबर ४० पावलं, ८० जागा. मोटर लोखंडी असते, ती पेल्यापासून किमान ३० सेंमी खाली, मध्ये पीव्हीसीचा दांडा.

निफाडची_मापारी

फँटमबद्दल माझ्याकडून. अगार घेतलंत ते उत्तम केलंत. पुस्तकी कृतींमध्ये जिलेटिन असतं, ते ३०-३५ अंशांच्या पुढे मऊ पडतं आणि नाशिकच्या एप्रिल-मे महिन्यात प्रयोगशाळेत एसी नसेल तर आकार सोडतं. अगार ८५ अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे उन्हाळ्याची भीती नाही.

गोळीची कृती: १०० मिली डिस्टिल्ड पाणी, २.५ ग्रॅम अगार पावडर, ०.१ ग्रॅम सोडियम बेंझोएट (बुरशीसाठी). थंड पाण्यातच अगार फेटून घ्या, गरम पाण्यात टाकलं तर गुठळ्या होतात. सतत ढवळत उकळी आणा, दोन मिनिटं उकळू द्या, मग आच बंद करून ६० अंशांपर्यंत थांबा, म्हणजे हवेचे बुडबुडे वर येऊन फुटतात. साच्यात ओता. ४० अंशांच्या खाली गोठतं. बुडबुडा राहिलेली गोळी फेका, तो बुडबुडा गाठीइतकाच ठळक परावर्तक असतो.

त्वचा आकसली कारण पाणी उडालं. नाशिकच्या कोरड्या हवेत २ मिमीचा थर एका रात्रीत वाळतो. ओतल्यावर लगेच घरगुती चिकट प्लॅस्टिक फिल्ममध्ये गुंडाळा, वरून पातळ तेलाचा हात, आणि मोजणीच्या दिवशीच बनवा. दर वेळी वजन करून ठेवा. वजन २ टक्क्यांनी घटलं की तो थर बाद.

आणखी एक. पाण्याची परमिटिव्हिटी २० अंशांना ८०, ३० अंशांना ७६.५. सकाळी आणि दुपारी घेतलेल्या मोजण्या एकमेकींतून वजा करू नका. फँटममध्ये थर्मामीटर ठेवा आणि प्रत्येक फाइलमध्ये तापमान लिहा.

सातपूरचा_सिग्नल

केबल आणि यंत्राचं राहिलं. पेला फिरतो आणि अँटेना स्थिर, हे तुमचं सगळ्यांत चांगलं ठरलं आहे, तसंच ठेवा. केबल वाकली की फेज बदलते आणि तो बदल गाठीच्या प्रतिसादापेक्षा मोठा असतो. केबल दर १० सेंमीला टेबलाला बांधा. एसएमए हाताने घट्ट करू नका, पितळी असेल तर सुमारे ०.५६ न्यूटन-मीटरचा टॉर्क पाना. व्हीएनए चालू करून तासभर तापू द्या, मग कॅलिब्रेशन. आयएफ बँडविड्थ (व्हीएनएच्या आतल्या गाळणीची रुंदी) १० किलोहर्ट्झवरून १ वर आणली की गोंगाट १० डीबीने खाली जातो, वेळ दहापट लागतो. ४०१ बिंदूंना ते सहज परवडतं. ४०१ बिंदू म्हणजे १५ मेगाहर्ट्झची पायरी, त्यात ६६ नॅनोसेकंदांपर्यंत घडी पडत नाही (उशिराचा प्रतिध्वनी लवकरच्या जागी दिसत नाही), भरपूर झालं. स्वस्त हातातले व्हीएनए ३ गिगाहर्ट्झच्या वर डायनॅमिक रेंज गमावतात, एस११ ला चालतील, स्तनातून आरपार एस२१ ला नाहीत.

डॉक्टर_कॉलेजरोड

रेडिओलॉजीच्या बाजूने दोन गोष्टी, कारण या धाग्यावरून कोणी अहवालात 'अचूक निदान' असं लिहू नये.

तेलात पाण्याची गोळी म्हणजे २.५ समोर ७० पेक्षा जास्त. शरीरात असा विरोध फक्त निव्वळ चरबीत असतो. २००७ साली विस्कॉन्सिन-मॅडिसन आणि कॅल्गरी विद्यापीठांच्या गटांनी शस्त्रक्रियेतून काढलेल्या ऊती ०.५ ते २० गिगाहर्ट्झमध्ये मोजल्या. चरबीच्या तुलनेत कर्करोगाची ऊती दहापटीपर्यंत वेगळी, पण निरोगी ग्रंथींच्या ऊतीच्या तुलनेत फरक १० टक्क्यांच्या आसपासच. आणि गाठी बहुतेक ग्रंथींच्या भागातच उगवतात. म्हणून फँटममध्ये ग्लिसरीन-पाण्याचा एक वेडावाकडा ग्रंथींचा भाग घाला आणि गोळी त्याच्या आत ठेवा. निकाल कितीही फिका आला तरी तोच लिहा. एक मोजणी गोळीशिवाय, ग्रंथींसकट, नक्की घ्या. तिच्यातही ठिपका उमटत असेल तर तुम्ही ग्रंथी शोधताय, गाठ नाही.

दुसरं: व्हीएनएची शक्ती १ मिलिवॅट किंवा कमी आणि किरणं आयनीकरण करणारी नाहीत, म्हणून मैत्रिणीवर करून बघू, असं कोणाच्याही मनात येऊ देऊ नका. माणसावरच्या कुठल्याही मोजणीला आचारसमितीची लेखी मंजुरी आणि सहभागी व्यक्तीची लेखी संमती लागते. धोका किरणांपेक्षा निष्कर्षाचा आहे: तुमच्या पडद्यावर काही दिसलं नाही म्हणून एखादी बाई मॅमोग्राफी टाळेल. आरोग्य विज्ञान विद्यापीठ इथेच म्हसरूळला आहे. वैद्यकीय महाविद्यालयातल्या मार्गदर्शकाला जोडून घ्या आणि पदवीच्या पातळीवर फँटमपाशीच थांबा.

गोदाकाठ_आरएफ

फँटमपाशीच थांबणार आहोत, डॉक्टर. गोळीशिवायची मोजणी आणि ग्रंथींचा भाग आजच यादीत घातला. सिम्युलेशनसाठी महागडं सॉफ्टवेअर फक्त लॅबच्या एकाच संगणकावर आहे. घरी काय वापरू?

पंचवटी_लॅब

ओपनईएमएस किंवा जीपीआरमॅक्स, दोन्ही मोफत, दोन्ही एफडीटीडी (जागेची जाळी करून वेळेच्या छोट्या पायऱ्यांनी लहर पुढे नेणारी पद्धत). विस्कॉन्सिनच्या गटाने एमआरआयवरून केलेले स्तनाचे संख्यात्मक फँटम ०.५ मिमी जाळीत खुले ठेवले आहेत, ते आत भरता येतात. जाळीचा नियम: सर्वांत दाट ऊतीत, सर्वांत वरच्या वारंवारतेला, तरंगलांबीचा दहावा भाग. ८ गिगाहर्ट्झ आणि परमिटिव्हिटी ५० ला तरंगलांबी ५.३ मिमी, म्हणजे ०.५ मिमीची जाळी. १५० मिमीचा घन घेतलात तर २.७ कोटी पेशी होतात, काही जीबी रॅम लागेल. ग्राफिक्स कार्ड असेल तर जीपीआरमॅक्स त्यावर चालवा. ऊतींना स्थिर परमिटिव्हिटी देऊ नका, डीबाय मॉडेल (वारंवारतेबरोबर परमिटिव्हिटी बदलणारं) द्या, नाहीतर स्पंदाचा आकार खोटा येतो. प्रतिमेसाठी गॉलवेच्या गटाचं मेरिट हे खुलं टूलबॉक्स आहे, त्यात डिले-अँड-सम आणि त्याचे सुधारित प्रकार तयार आहेत. तुमचा कोड त्याच्याशी ताडून पाहा.

अंबड_पीसीबी

नवा अँटेना तेलासाठी आखाल तेव्हा कनेक्टरची बाजू तेलाच्या पातळीच्या वर राहील इतकी फीड लांब ठेवा, १५-२० मिमी तरी. एसएमएच्या आत तेल शिरलं की आतला हवेचा भाग भरतो आणि कॅलिब्रेशन निकामी होतं. आणि तेलाची पातळी दर मोजणीला एकच हवी, अ‍ॅक्रिलिकवर रेघ मारून ठेवा. फीड अर्धी तेलात अर्धी हवेत असल्याने पातळी ५ मिमीने बदलली तरी विलंब बदलतो.

गोदाकाठ_आरएफ

नोंद केली. आराखडा: तोंड ५० मिमी, कडेला खाचा, १.५ ते ६ गिगाहर्ट्झ, तेलात, ८० जागा. ओपनईएमएसमध्ये त्वचेसकट चालवून आलेख इथेच टाकते, पत्रा ५० ते ८० मिमी वाल्या मोजणीसोबत.